सोळा कॅमेऱ्यांची ऑर्डर

"गुरुवारनंतर मी कुणाला सलाम ठोकणार न्हाई! लोकं मला ठोकतील!" माऊलीनं वडगाव रासाईच्या चौकात, चहाच्या टपरीवर, सात-आठ जणांच्या साक्षीनं हे जाहीर केलं आणि त्या भरात सगळ्यांना चहाही पाजला.

माऊली सहा वर्षं रांजणगावच्या एका कंपनीच्या गेटवर सिक्युरिटीत होता. गाडीचा नंबर लिहायचा, डिकी उघडायला लावायची आणि मोठ्या साहेबाची गाडी दिसली की टाचा जुळवून सलाम! इतके सलाम, की सुट्टीच्या दिवशी दारावरून म्हैस गेली तरी त्याचा हात आपोआप कपाळाकडं जायचा. अशात दोन हजार नऊ साली गेटवर इंटरनेटचे कॅमेरे बसले. साहेब पुण्यात घरी बसून गेट बघायला लागला. बाकीच्या गार्डांनी कॅमेऱ्याला शिव्या घातल्या, पण माऊलीचं डोकं वेगळंच चाललं. ज्या वस्तूपायी उद्या आपली नोकरी जाणार, ती वस्तूच आपण का विकू नये?

तो तडक पुण्याला जाऊन कॅमेरेवाल्या साहेबाला भेटला. साहेब म्हणाला, "महिन्याभरात दहाच्या वर कॅमेऱ्यांची एक ऑर्डर आणा. शिरूर आणि दौंड, दोन्ही तालुक्यांची एजन्सी तुमची. नाही जमलं तर डेमोचा कॅमेरा परत करा आणि विसरून जा." माऊलीनं गेटवर महिन्याची बिनपगारी रजा टाकली आणि वणवण सुरू केली. एका पोल्ट्रीवाल्यानं विचारलं, "ह्यात कोंबडीचा ताप दिसतो का?" एक माजी सरपंच कॅमेरा घ्यायला एका पायावर तयार झाला, पण तो विरोधकाच्या माजघरात बसवून देणार असाल तरच! बघता बघता रजा संपत आली. सोमवारी पहिल्या पाळीला गेटवर हजर व्हायचं होतं आणि हातात एक ऑर्डर नव्हती. माऊलीला जेवण जाईना.

आणि मग दौंडचे आनंदराव भेटले!

आनंदरावांचं दौंडात मंगल कार्यालय होतं. दर लग्नात नवरीची पाठवणी व्हायची आणि तिच्यामागं आनंदरावांच्या चार-सहा खुर्च्या, दोन झारे आणि एखादं पातेलंही सासरी जायचं. माणूस अगदी टेकीला आला होता.

"सोळा लावतो," आनंदराव म्हणाले. "पन् आधी दाखवा. दौंडात बसून मला वडगावचं तुमचं घर दिसलं पायजे. दिसलं, की ऑर्डर!"

"गुरुवारी अकराला, शेठ!" माऊली म्हणाला, आणि परत येताना भीमेच्या पुलावर गाडी थांबवून एकटाच हसला.

डेमोचा कॅमेरा त्याच्या घरी ओसरीच्या खांबाला बसवलेलाच होता. त्यात सगळं अंगण दिसायचं, वाळत घातलेली बाजरी दिसायची आणि पार मागचं मेंढरांचं कुंपणही. गुरुवारी सकाळी निघता निघता त्यानं घरच्यांना बजावलं, "अकरा ते साडेअकरा दौंडचं शेठ आपलं घर बघणार हायेत. तुमी कायबी करू नका. कॅमेऱ्याला हात लावू नका, वायर हलवू नका. बास!"

"कायबी करू नका म्हंजी?" त्याचे वडील गेणबा, म्हणजे आबा, म्हणाले. "पाव्हणा पयल्यांदा घर बघणार आन् आपण पाठ फिरवून बसायचं व्हय?"

"पाव्हणा हितं येणार न्हाई आबा. तिथनं बघणार."

"बघणार हाय न्हवं? मग आलाच की!"

माऊलीला उशीर होत होता. त्यानं नुसतं "व्हय व्हय" म्हटलं आणि गाडीला किक मारली. तिथंच चुकलं!

कारण आबांच्या लेखी कॅमेरा म्हणजे फोटो, आणि फोटोचा त्यांना चांगलाच अनुभव होता. मेंढरांमागं रानोमाळ हिंडायच्या दिवसांत त्यांनी एका जत्रेत आयुष्यातला पहिला फोटो काढला होता. फोटोवाला "हलू नका, हलू नका" म्हणत असताना आबा नेमके शिंकले आणि फोटोत त्यांना दोन नाकं आली. तो फोटो पाहुण्यांनी इतकी वर्षं मोजून मोजून पाहिला होता. तेव्हापासून कॅमेऱ्यापुढं आबा श्वाससुद्धा बेतानं घेतात.

अकराच्या ठोक्याला आनंदरावांच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर माऊलीनं घर उघडलं. चित्र आलं! लखलखीत! आवाज येत नव्हता, पण अंगणातला खडा न् खडा दिसत होता. मधोमध आबा, धुवट धोतर, लाल पटका, हातात काठी. डाव्या हाताला आई, अनसाबाई, ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसून. उजवीकडं बायको अंकिता, डोक्यावर पदर घेऊन. तिघं सरळ कॅमेऱ्यात बघत उभी. आणि त्यांच्यापुढं स्टुलावर, दौंडच्या पाहुण्यासाठी, पोह्यांची ताटली आणि चहाचा कप!

"बघा शेठ!" माऊलीची छाती फुगली.

आनंदरावांनी एक मिनिट बघितलं. दोन मिनिटं बघितलं. मग चष्मा पुसून पुन्हा बघितलं.

"माऊली, ह्यो तर फोटू हाय."

"फोटो न्हाई शेठ! आत्ताचं हाय! लाइव्ह!"

"मग एकबी माणूस हलंना का?"

माऊलीनं पडद्याला नाक लावून नीट बघितलं. खरंच कुणी हलत नव्हतं! त्या दिवशी वारासुद्धा असा पडलेला, की अनसाबाईंचा पदरही जागचा हलेना.

"माझ्या कार्यालयात रोज धा फोटूवाले येत्यात," आनंदराव तापले. "मला फोटू दाखवून सोळा कॅमेरे गळ्यात मारता व्हय?"

"थांबा शेठ, आत्ता हलवतो त्यांना!" माऊलीनं घरी फोन लावला. मोबाईल आतल्या खोलीत चार्जिंगला. रिंग वाजतेय, वाजतेय, आणि पडद्यावर तिघं जशीच्या तशी! एकदा अंकिताचे डोळे दाराकडं सरकले.

"शेठ, बघा! डोळं हललं!"

आनंदराव नेमके तेव्हा तंबाखूची डबी शोधायला खाली वाकले होते. वर येईपर्यंत डोळे जाग्यावर गेले होते. माऊलीनं चार वेळा फोन लावला. आबा ओठ न हलवता काय म्हणाले, ते अंकितानं त्याला नंतर सांगितलं. आबा म्हणाले होते, "जागा सोडायची न्हाई. पाव्हणं बघत्यात."

शेवटी माऊलीनं शेजारच्या पिठाच्या गिरणीवाल्याला, म्हस्कूला, फोन केला. "म्हस्कू, पळ! आमच्या घरी जा आन् समद्यांना हलायला सांग!"

"काय झालं? कुणाला झटका आला का?"

"कायबी झालं न्हाई! नुसतं हलायला सांग!"

म्हस्कू जवळच्या वाटेनं, म्हणजे मेंढरांच्या कुंपणातून, धावत निघाला. आनंदराव घड्याळ बघायला लागले. तेवढ्यात पडद्याच्या कोपऱ्यातून पिठानं पांढराफटक झालेला म्हस्कू धापा टाकत अंगणात आला. त्यानं रांग बघितली. कॅमेरा बघितला. पोहेही बघितले. आणि निरोप सांगायचा राहिला बाजूला, त्यानं तोंडावरचं पीठ पुसलं, शर्टाची वरची गुंडी लावली, बोटांनी भांग पाडला आणि अंकिताच्या शेजारी ताठ उभा राहिला! आता चौघं हलत नव्हती.

पण आनंदराव खुर्चीतून उडालेच. "आरं! ह्यो कोन आला?"

"बघा! फोटोत कधी माणूस चालत येतो का शेठ?"

"आयला, खरंच की!" आनंदरावांनी मांडीवर थाप मारली. "हितं बसून वडगाव दिसतंय! लिवा! लिवा सोळा!"

माऊलीनं फॉर्म काढला. नाव लिहिलं, गाव लिहिलं. त्याला वाटलं, आता आनंदरावांना उचलून नाचावं. गेट संपलं, डिकी संपली, सलाम संपला! तो आकडा लिहिणार, एवढ्यात आनंदराव म्हणाले, "थांबा. ते मागं काय चाललंय?"

मागं मेंढरं चालली होती. म्हस्कूनं येताना कुंपणाचं फाटक सताड उघडं टाकलं होतं, आणि वीस मेंढरं रांगेनं बाहेर पडून बाजरीकडं निघाली होती. चौघांच्या पाठीमागं! पुढची दोन पोचलीसुद्धा.

"माऊली, बाजरी खाल्ली की!"

"खाऊ द्या! पण किती क्लिअर दिसतंय बघा, शेठ!"

"दिसतंय, पन् हाकला की!"

"हितनं कसं हाकलणार?"

"मग कॅमेरा काय करतो?"

"दाखवतो."

आनंदरावांना राहवेना. ते पडद्यापुढं हात नाचवत "हाड्! हाड्!" करायला लागले, आणि माऊली जिवाच्या आकांतानं "आबाऽऽ, मागं बघा!" म्हणून ओरडायला लागला. गोंधळ ऐकून आचारी झारा घेऊन धावत आला आणि तिघं मिळून कॉम्प्युटरला ओरडू लागले.

आबांनी मागं बघितलं नाही. मान नाही, नजर नाही, काही हललं नाही. फक्त त्यांचे ओठ किंचित गोल झाले. आवाज दौंडपर्यंत आला नाही, पण मेंढरांपर्यंत गेला. वीसच्या वीस मुंड्या एकदम वर झाल्या, आणि एकेक मेंढरू गुपचूप फाटकाकडं वळलं. एक दांडगा एडका तेवढा पुन्हा बाजरीत तोंड घालून राहिला. आबांनी, नजर कॅमेऱ्यातच ठेवून, काठी काखेखालून मागं भिरकावली. ती एडक्याच्या पुढच्या खुरांपासून वीतभर अंतरावर आदळली. एडका पळाला! आबा पुन्हा फोटोला उभे.

ऑफिसात आचाऱ्यानं झारा खाली केला.

"हे कोण?" आनंदरावांनी हळूच विचारलं.

"आमचं आबा. जलम मेंढरांत गेला त्यांचा. कुठल्या जनावराचा पाय कुठं पडला, ते कानानंच कळतंय त्यांना."

आनंदरावांनी माऊलीच्या हातातलं पेन काढून घेतलं आणि त्याला टोपण लावलं.

"माऊली, कॅमेरा झकास हाय. खोटं कशाला बोलू? पन् माझी पातेली जाताना मला आतासुद्धा दिसत्यात. व्याह्याच्या माणसाला कोण बोलणार, म्हणून मी गप बसतो. मला बघणारं नगं, अडवणारं पायजे. फोन बोंबलत होता, तरी ह्या माणसानं जागा सोडली न्हाई! मागं न बघता एडका परतवला! कॅमेऱ्याचं पुढच्या लग्नसराईला बघू. आबांना इचारा, कवा येत्यात?"

माऊलीच्या डोळ्यांपुढं सोमवारची पहिली पाळी उभी राहिली. त्याला रडू येत होतं आणि खरं सांगायचं तर बापाचा अभिमानही वाटत होता. दोन्ही एकदम आल्यामुळं त्याला नुसतीच उचकी लागली.

बरोबर साडेअकराला पडद्यावरची रांग मोडली. म्हस्कूनं पहिल्यांदा पोहे उचलले. माऊलीनं फोन लावला, आणि या वेळी पहिल्याच रिंगला आबांनी घेतला.

"कसं दिसलो रं आमी?"

"झ्याक दिसला, आबा."

"पाव्हणं खूश हायेत का?"

"लई खूश हायेत."

"मग ऑर्डर झाली म्हण की!"

"झाली."

"सोळाची?"

"न्हाई आबा. एकाची."

"आरारा! एकच कॅमेरा?"

"कॅमेरा न्हाई, आबा. तुमची. त्यांच्या कार्यालयावर वाचमन म्हणून."

आबांनी आवाज खाली आणून विचारलं, "लग्नाचं कार्यालय म्हंतोस न्हवं? मग जेवान त्येंचंच असंल की!"