निर्मलाकाकूंचा तिसरा खर्डा

आमच्या कॉलनीत कुणी बातमी आणली की निर्मलाकाकू आधी बातमी ऐकत नाहीत, आणणाऱ्याची उलटतपासणी घेतात. परवा दूध ओतता ओतता दूधवाल्याने सांगितलं, पलीकडच्या गल्लीतली सून रुसून मोर्शीला माहेरी गेली. काकूंनी पातेलं मागे घेतलं. "रुसून गेली हे तुले कोनं सांगतलं? तू बॅग पाह्यली का तिचं मन?" दूधवाला बिचारा बॅगेवर आला, तेव्हा कुठे पातेलं पुढे आलं.

अमरावतीच्या एसटी डेपोत चौकशीच्या खिडकीमागे तीस वर्षं काढून काकू निवृत्त झाल्या आणि वाचनालयाच्या कथालेखन वर्गाला जाऊ लागल्या. तिथे शिकवलं की गोष्ट कोण सांगतो त्यावर गोष्ट बदलते. बाकीच्यांनी ते वहीत उतरवलं आणि घरी गेले. काकूंनी मनावर घेतलं. महिनाभरात त्यांनी अख्ख्या कॉलनीच्या नेमणुका केल्या. मंदिराच्या ओट्यावर बसणारे बोंडेकाका सर्वज्ञ निवेदक, कारण प्रत्येकाच्या मनात काय चाललंय ते त्यांना ठाऊक असतं. 'उद्या सकाळी येतो' म्हणणारा नळवाला बेभरवशाचा निवेदक. मी त्यांचा शेजारी, म्हणून 'बाजूचा मी'. म्हणजे जो गोष्टीत असतो, सगळं बघतो, पण ज्याच्याने काही होत नाही. माझ्या बायकोला ही नेमणूक फार पटली.

काकू स्वतः मात्र एकच गोष्ट लिहीत होत्या आणि तिचा वाचक मी एकटाच. अकोल्याची विमलताई ही त्यांची थोरली बहीण. अकरा वर्षांपूर्वी तिच्या मुलाच्या लग्नाहून निघताना काकू दारात पदर पुढे करून उभ्या होत्या. ओटी भरायला म्हणून ताई आत गेली ती आलीच नाही. रिक्षावाला घाई करत होता. काकू रिकाम्या पदराने निघून आल्या. आईमागे ताईचं घर हेच त्यांचं माहेर, त्यामुळे घाव खोल बसला. तेव्हापासून बोलणं बंद. पुढे काकूंचे यजमान, आमचे काका, वारले तेव्हा विमलताई आली, बसली, गेली. दोघींनी एक शब्द काढला नाही.

पहिला खर्डा 'मी'च्या तोंडून होता. त्यातली विमलताई इतकी दुष्ट होती की मलाच तिची दया आली. दुसऱ्यात काकू सर्वज्ञ झाल्या आणि थेट ताईच्या डोक्यात शिरल्या. 'तिला धाकटीच्या नोकरीचा हेवा वाटला,' असं वाक्य होतं. मी भीत भीत म्हटलं, काकू, हे तुम्हाला कसं कळलं? त्यांनी ते वाक्य पुन्हा वाचलं. मग वही घेऊन घरात गेल्या आणि दोन दिवस बाहेर दिसल्या नाहीत.

तिसऱ्या दिवशी सकाळी सातला दारात हजर. पायात चपला, खांद्याला पिशवी. तिसरा खर्डा विमलच्या बाजूने लिहायचा ठरला होता, आणि तिची बाजू अकोल्यात होती. मी रजेचं रडगाणं लावलं. काकूंनी माझा डबा आधीच भरून आणला होता. बडनेरा स्टेशनातून गाडी सुटली तशी त्यांनी वहीत प्रश्न लिहायला घेतले, ते अकोला येईपर्यंत.

विमलताईंनी दार उघडलं. कशी आहेस, बरी आहेस, काही नाही. काकू खाटेवर बसल्या, वही उघडली आणि म्हणाल्या, "त्या दिवशी आत जाऊन तू काय केलं ते सांग. काय वाटलं ते नोको सांगू. काय केलं ते."

विमलताईंनी माझ्याकडे पाहिलं. मी कॅलेंडरकडे पाहिलं. मग त्या हळूहळू सांगू लागल्या. तांदूळ, नारळ सगळं ताटात घेतलं होतं. ब्लाउजपीस तेवढा हातात घेतल्यावर साधा वाटला. धाकटी नोकरीवाली, चांगलंचुंगलं नेसणारी. तिला हा कसा द्यायचा? म्हणून पेटी उघडली, तळापर्यंत उपसली. मनासारखा सापडला तेव्हा ताट घेऊन धावतच बाहेर आल्या, तर रिक्षा कोपऱ्यावर वळत होती.

"आवाज देला म्या. दोनदा देला. बँडात कोनाले आयकू येते?"

"मंग फोन काहून नाई केला?"

"तू मांगं वळून पाह्यलं नाई. मले वाटलं, मोठी झाली आता, तिले काय करायची आपली ओटी."

काकूंनी शब्दन् शब्द उतरवला. मग पेन थांबलं. बहिणीकडे न बघता त्या माझ्याशीच बोलल्या, "अकरा वर्सं मी हिच्या मनातलं लिहत बसली. इचारलं एकडाव नाई."

विमलताई उठून आत गेल्या. या वेळी लगेच आल्या, हातात ताट. काकू खाटेवरून उठून मागे सरल्या. काका गेल्यापासून त्यांची ओटी कुणी भरली नव्हती, कुणी भरणारही नव्हतं, आणि जी रीत आहे ती आहे, असं त्या स्वतःच सांगत आल्या होत्या.

"मले आता चालत नाई, ताई."

"पदर धर," विमलताई म्हणाल्या.

काकूंनी पदर धरला. ताईंनी ओंजळीने तांदूळ घातले; मूठभर खाली सांडले, ते काकूंनी वाकून वेचून पदरात घेतले. मला रडू आलं; मी ते लपवलं नाही.

परतीच्या गाडीत खिडकीजवळची जागा मिळाली. मी दोनदा म्हटलं, काकू, ते तांदूळ पिशवीत काढून ठेवा, हात दुखतील. दोन्ही वेळा त्यांनी नुसती मान हलवली, आणि बडनेरा येईपर्यंत पदर दोन्ही हातांनी पोटाशी धरून बसल्या.