वामन डॉक्टरांची डागांची वही

निजामाच्या अमदानीत मी नळदुर्गच्या सरकारी दवाखान्यात नर्स होते. आमचे वामन डॉक्टर कातडीवरच्या डागांना खाण्याची नावं द्यायचे. पातळ, पापुद्रे सुटणारा तो 'पापड'. जाड झाला की 'थालीपीठ'. गाठ उठली की 'अळंबी'. रंगीत पेन्सिलींनी ते सगळं वहीत काढून ठेवत. माझ्या घशाखाली दुपारचा घास उतरायचा नाही.

आणि कुणी घाईनं रोगाचं नाव घेतलं, की गरजायचे, "नाव ठेवायची घाई नको!"

जळकोटचे व्यापारी गुरुबसप्पा यांना मात्र गावानं नाव ठेवून टाकलं होतं. महारोग! अंगभर थालीपिठं, पाठीवर दोन अळंब्या. भावांनी शेतात खोपी बांधून दिली होती. बायको सिद्धव्वा लांबूनच भाकरी ठेवून यायची.

डॉक्टरांनी त्यांना डोळे मिटायला लावले आणि डागावरून कोंबडीचं पीस फिरवलं.

"कळतंय?"

"व्हय. गुदगुल्या व्हतात की!"

"महारोगाचा डाग बधिर असतो, बाई," डॉक्टर मला म्हणाले. "हे वेगळंच काहीतरी आहे."

कातडीचा तुकडा औषधात बुडवून हैदराबादच्या मेडिकल कॉलेजात तपासायला धाडला. उत्तर आलं, इसब. "इसबात अशा अळंब्या उगवत नाहीत," म्हणत डॉक्टरांनी दुसरा धाडला. उत्तर आलं, सांगता येत नाही. तिसऱ्या वेळी गुरुबसप्पाच म्हणाले, "डाक्टरसाब, तुकड्यातुकड्यानं धाडण्यापरीस मला एकदाच मोटारीत बसवा की!"

डॉक्टरांनी तिसऱ्या तुकड्यासोबत वहीतली दोन चित्रंही धाडली. या वेळी तिथल्या प्रोफेसरांनी स्वतः लिहिलं. महारोग नव्हे. रक्तातल्या पांढऱ्या पेशींचा, कातडीत उगवणारा कर्करोग. फार दुर्मिळ. आणि शेवटी विनंती, वहीतली बाकीची चित्रंही विद्यार्थ्यांना दाखवायला मिळतील का? ते पत्र मी सगळ्या दवाखान्याला वाचून दाखवलं. आजही सांगताना माझी छाती फुगते.

आम्ही जळकोटला गेलो. डॉक्टर भावांना म्हणाले, "रोग वाईट आहे. माझ्याकडं औषध नाही. पण हा कुणाला लागत नाही." आणि गुरुबसप्पांच्या ताटातली भाकरी मोडून त्यांनी तोंडात टाकली. त्याच दिवशी गुरुबसप्पा घरी आले.

दीड वर्ष ते आपल्या माणसांत जगले. गेले तेव्हा अंघोळ घालायला भाऊच पुढं झाले. डॉक्टर अंगणात अवघडून उभे होते. त्यांचं स्वतःचं असं नळदुर्गात कुणीच नव्हतं. सिद्धव्वा दारात आल्या.

"भाईर का उभारलाव? तुमी घरचंच हाव. पाणी घाला."

डॉक्टरांनी बाह्या सरसावल्या. भरलेला तांब्या उचलला, तेव्हा धाकट्या भावानं खालून आपला हात लावला.