आत न घेण्याचा अर्ज

आपलाच पासपोर्ट फोटो देऊन ‘या माणसाला घरात घेऊ नका’ असं लेखी कळवणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. त्याचं नाव आंगणे.

आंगणे माझ्या नवऱ्याच्या, सुधाकरच्या, कंपनीत एसी मेकॅनिक होते. मालवणकडचे. बायको आणि मुलगी गावी, हे कुवेतला, बनेद अल-गार भागात सहाजणांच्या खोलीत. नव्वदच्या दशकाच्या मध्याची गोष्ट. मी तिथल्याच एका इस्पितळात नर्स होते आणि आम्ही हवल्लीत राहायचो. शुक्रवारी दुपारी आमच्या हॉलमध्ये सतरंजी पडायची आणि कंपनीतले सहा-सातजण रमी खेळायचे. बाकीच्यांचा त्यात वेळ जायचा. आंगण्यांना ती तापासारखी चढायची. हरायला लागले की पाणीसुद्धा प्यायचे नाहीत. जागचं हललं की पान फिरतं म्हणे.

त्या वर्षी गणपतीच्या रजेवर त्यांच्या टोळीतून एकालाच सोडणार होते, आणि तीन वर्षांनी पाळी आंगण्यांची आली होती. एका शुक्रवारी खिसा रिकामा झाल्यावर त्यांनी ती पाळीच डावावर लावली. परब नावाचा वेल्डर जिंकला. आम्हाला वाटलं, थट्टा आहे. पण दुसऱ्या दिवशी आंगण्यांनी ऑफिसात जाऊन स्वतः नाव बदलून घेतलं. परब गावी गेला. आंगण्यांनी बायकोला कळवलं, कंपनीने सोडलं नाही.

त्यानंतर त्यांच्या डोक्यात बंदी शिरली. बोटीवर काम करणाऱ्या चुलतभावाने त्यांना सांगितलं होतं की परदेशात जुगाराचे मोठे अड्डे असतात आणि तिथे आपलाच फोटो देऊन आपल्यालाच बंदी घालून घेता येते. मग कितीही गयावया केली तरी दारवान आत सोडत नाही. आंगण्यांना हे फार पटलं. ते एका सरकारी कचेरीबाहेरच्या मिसरी, म्हणजे इजिप्तच्या, टायपिस्टकडे गेले आणि असा अर्ज अरबीत करून मागितला. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, अर्ज कुणाच्या नावाने करू? इथे जुगार सगळ्यांनाच बंद आहे, तुला वेगळा कोण बंद करणार? आंगणे गोंधळून आमच्याकडे आले.

“वहिनीनू, हय बंदी सगळ्यांका आसा, म्हणान माका येगळी कोण घालीत नाय.”

शेवटी माझ्याच टेबलावर बसून त्यांनी मराठीत अर्ज लिहिला. ‘घरात पत्ते चालू असताना मला एक वर्ष आत घेऊ नये. मी रडलो, रागावलो किंवा सुके बांगडे आणले तरी घेऊ नये.’ खाली सही, कोपऱ्यात फोटो. अर्ज माझ्याच नावाने का, तर पुरुषांचा भरवसा नाही, आणि भेटीची वेळ संपली की मी पेशंटच्या नातेवाइकांना बाहेर काढते हे त्यांनी पाहिलं होतं. मग पोच मागितली, पोचेवर शिक्का हवा म्हणाले. घरात एकच शिक्का होता, आमच्या लहान मुलीचा, फुलपाखराचा. तो मारला.

पुढच्या शुक्रवारी बेल वाजली. दारात आंगणे, भांग पाडून.

“आत येव?”

“नाही,” मी म्हटलं.

“बरां,” म्हणाले आणि समाधानाने जिना उतरून गेले.

त्याच्या पुढच्या शुक्रवारी परत. बंदी नीट चालू आहे ना, ते बघायला आल्याचं सांगितलं. तिसऱ्या खेपेला मुद्दा काढला की अर्जात चहाचा उल्लेख नाही. मग ते दर शुक्रवारी उंबऱ्याबाहेर उभ्याने चहा पिऊ लागले. माझ्या ड्यूट्या विचारायचे, गावच्या पत्रातलं सांगायचे. “मम्मी, नो-एन्ट्री अंकल इज हिअर,” मुलगी आतून ओरडायची. आतले हसायचे. मला मात्र कळेना, मी या माणसाला मदत करतेय की दर आठवड्याला त्याचा अपमान करतेय.

थंडीतल्या एका शुक्रवारी ते आले तेव्हा भांग नव्हता. कपाळावर घाम होता. गावी त्यांच्या मुलीचा साखरपुडा होता त्या दिवशी.

“वहिनीनू, आज अर्ज परत देवा. आजचोच दिस.”

“येऊ दे गं त्याला,” सुधाकर आतून म्हणाला.

“नाही. तुम्हीच लिहून दिलंय,” मी म्हटलं.

“तो लिवणारो माणूस येगळो होतो.”

माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मी दार लावून घेतलं.

नंतरचे तीन शुक्रवार ते आले नाहीत. कामावर येतात, बोलत नाहीत, एवढंच सुधाकरकडून कळलं. चौथ्या शुक्रवारी मी त्याला पानं खाली ठेवायला लावली आणि आम्ही बनेद अल-गारला गेलो. खोलीतले बाकीचे बाहेर गेले होते. आंगणे खाटेवर नुसतेच बसले होते. पत्त्यांना हात लावला नव्हता म्हणाले. साखरपुड्याच्या दिवशी दार लावलं त्याची मी माफी मागितली.

“तसां नाय, वहिनीनू. बायलेचो ‘नको’ माका पंधरा दिवसांनी पत्रातसून येता. तवसर माझां सगळां करून झालेलां आसता. तुमचो ‘नाय’ थयच्या थय गावायचो. त्याच्यासाठीच येत होतंय.”

मग यायचं का सोडलंत, मी विचारलं. ते खाली बघत म्हणाले, त्या दिवशी त्यांच्यापायी मी रडले होते.

मी तिथेच सुधाकरला सांगितलं की आमच्या घरातले पत्ते आजपासून बंद. आंगण्यांना म्हटलं, पुढच्या शुक्रवारी जेवायला या, आत. ते घाबरले. वर्ष कुठे संपलंय? मी अर्जातले शब्द सांगितले, पत्ते चालू असताना. त्यांनी बराच विचार केला आणि हे नियमात बसतं असं ठरवलं.

पुढे ते दुसरीकडे कुठे खेळले का, मला छातीठोक सांगता येणार नाही. पुढच्या गणपतीला मात्र गावी गेले.

पण ते जेवायला आले तो शुक्रवार मला आठवतो. आंगणे सोफ्याच्या अगदी कडेवर बसले. जेवण झाल्यावर साखरपुड्याचं पत्र वाचून दाखवलं. आमची मुलगी टीव्ही बघत होती, सुधाकर पेपर चाळत होता, मी भांडी आवरत होते. बाहेर येऊन पाहते तर पत्र हातात धरून ते बसल्या बसल्या झोपले होते. संध्याकाळची, मगरिबची बांग झाली तेव्हा दचकून उठले. ओशाळून विचारलं, किती वेळ झोपलो?

दहा मिनिटं, मी सांगितलं. तीन तास झाले होते.