लाल ठिपका

शिक्षकांच्या बैठकीत मुख्याध्यापिकांनी विज्ञानाच्या नव्या सरांचं कौतुक सुरू केलं, तशा भूगोलाच्या बाई उगाचच पेनाचं टोपण काढू-घालू लागल्या. हे सर म्हणे शिकवतच नाहीत. मुलांच्या हाती टॅबलेट देतात, एक प्रश्न टाकतात आणि उत्तर मुलांनाच ऑनलाइन शोधायला लावतात.

घरी तरी सुटका असावी! पण लेक त्याच सरांच्या वर्गात.

"आई, सर उत्तर सांगतच नाहीत गं! आम्हीच शोधतो."

"येत नसेल त्यांना," बाई म्हणाल्या आणि कुकरचं झाकण जरा जास्तच जोरात बसवलं.

नवराही पेपरातून डोकं वर काढून म्हणाला, "काहीही म्हण, माणूस हुशार आहे." त्या दिवशी त्याला भाजी कमी पडली.

मग बाईंनी ठरवलं, आपणही मुलांना शोध घ्यायला लावायचं. विषय मात्र नीट हेरून निवडला: आपल्या शाळेत सगळ्यात जास्त गोंगाट कुठे होतो? मुलांनी टॅबलेटवर आवाज मोजायचा आणि ऑनलाइन नकाशावर ठिपके टाकायचे. शांत जागा हिरवी, गोंगाटाची लाल. सरांच्या वर्गात मुलं दिवसभर चर्चा करत असतात. तिथे लालेलाल होणार आणि तो नकाशा बाई भर बैठकीत लावणार, असा बेत.

पोरं कामाला लागली. तीन-चार दिवसांत नकाशा तयार झाला. बाईंनी तो वर्गातल्या पडद्यावर लावला. सरांचा वर्ग फिकट पिवळा. मैदानसुद्धा नारंगी. अख्ख्या शाळेत लालभडक ठिपका एकच, आणि तो बरोबर त्यांच्याच वर्गावर.

"काहीतरी चुकलंय! पुन्हा मोजा!" बाई ओरडल्या.

"बाई, आत्ता मोजला की," पुढच्या बाकावरची मुलगी टॅबलेट बघत म्हणाली. "अजून लाल झाला."

"आमचा पुढचा प्रश्न होता, लाल का?" मागून एकजण उठला. "म्हणून वेगवेगळ्या तासांना मोजलं. गणिताच्या तासाला हिरवा येतो. मधल्या सुट्टीत पिवळा. फक्त भूगोलाला..."

"बस खाली!"

"बघा, परत!" सगळा वर्ग एका सुरात म्हणाला.

नकाशा काढून टाकावा म्हणून बाईंनी घाईघाईने बटण दाबलं. ते नेमकं 'सर्वांना पाठवा'चं निघालं. दुपारपर्यंत नकाशा पालकांकडे, संस्थेच्या अध्यक्षांकडे आणि विज्ञानाच्या सरांकडेही पोचला. मुख्याध्यापिकांचं बोलावणं आलं, तेव्हा राजीनाम्यात 'तब्येतीच्या कारणास्तव' लिहावं की 'घरगुती', एवढंच बाईंचं ठरायचं होतं.

"बसा," मुख्याध्यापिका भारावल्या होत्या. "स्वतःचाच वर्ग, स्वतःचीच चूक मुलांना शोधू दिलीत, वर जगजाहीर केलीत! एवढं मन कुणाचं असतं? अध्यक्षांचा स्वतः फोन आला होता."

बाईंनी तोंड उघडलं, विचार केला आणि मिटलं. मग नम्रपणे म्हणाल्या, "मुलांसाठी करावं लागतं."

पुढच्याच बैठकीत बाईंना तो प्रयोग सगळ्यांना समजावून सांगायला लावलं. बाई इतक्या हळू बोलल्या, की शिपाईमामांना पंखा बंद करावा लागला. शेवटी टाळ्या पडल्या. फक्त विज्ञानाचे सर हात बांधून बसले होते. ओठ हसत होते, पण बाकीचा चेहरा त्यांना साथ देत नव्हता.

"छान होतं," बाहेर पडताना ते म्हणाले. "म्हणजे, आवाजाचा विषय खरं तर विज्ञानात येतो."

"हो ना," बाई म्हणाल्या.

तो माणूस त्यांना त्या दिवशी पहिल्यांदाच आवडला.