पूर्णगडकरांच्या जबाबदारीचे वाटप

साधा माणूस दारूने मेला तर त्याचे तेरावे घालतात; प्रसिद्ध माणूस मेला तर त्याच्यावर परिसंवाद घ्यावा लागतो. मालिकांतले नट सलिल पूर्णगडकर गेल्या महिन्यात मुंबईत यकृत निकामी होऊन वारले, तेव्हा रत्नागिरीच्या आमच्या वाचनालयाने हे कर्तव्य चार दिवसांत पार पाडले. (कार्यवाह मीच, म्हणून जास्त बोलत नाही.) विषय : 'व्यसनी कलावंताचा मृत्यू, जबाबदार कोण?' हजेरी एकशे चाळीस. आदल्या महिन्यात 'आंब्यावरील तुडतुडा' हे किडीवरचे व्याख्यान ऐकायला एकोणीस आले होते. आणि तुडतुडा तर आपल्या घरचा.

अध्यक्ष होते निवृत्त मुख्याध्यापक भास्करराव. मृताविषयी वाईट बोलू नये, असे सांगून ते पंचवीस मिनिटे बोलले. बागायतदार हेमाताईंनी सगळा दोष नटाच्या बायकोला दिला. त्यांचा अभ्यास होता. त्यांनी तिला एकदा विमानतळावर पाहिले होते.

शेवटी हात वर करून जबाबदारीचे वाटप झाले. स्वतः नट चाळीस टक्के, मालिकावाले तीस, वाईट संगत वीस, बायको पंचवीस. (हजर असती तर दहावर भागले असते.) चाहते शून्य, कारण सभागृहात बहुमत त्यांचेच होते. बेरीज एकशे पंधरा भरली, तेव्हा वरचे पंधरा टक्के शासनाकडे वर्ग करण्यात आले.

एवढ्यात मागून मैना उठली. मैना वाचनालयात झाडलोट करते, त्यामुळे ती श्रोत्यांत आहे हे कोणाच्या ध्यानात आले नव्हते. तिचा नवरा सखाराम गावच्या नमनाच्या खेळात मृदंग वाजवायचा. हल्ली नुसता पितो.

"माजा घो आज केंद्रात जायला तयार झालाय," ती म्हणाली. "दारू सोडवायच्या. सातच्या आत या म्हनालेत. उद्या तयार व्हईल असं नाय. कुनाची गाडी मिळंल काय? नि सोबत दोन मानसा."

बाहेर अकरा मोटारी उभ्या होत्या. (एक माझी.)

भास्कररावांनी आपुलकीने विचारले, "बाई, याचा पूर्णगडकरांशी संबंध कसा लावायचा?"

मैनाने थोडा विचार केला. "दारूनं," ती म्हणाली.

हेमाताई समजुतीने म्हणाल्या, "व्यसन हा आजार आहे. आजाऱ्याला समाजाने एकटे सोडता कामा नये." टाळ्या पडल्या. "पण सुटायची इच्छा त्याच्या आतून यायला हवी."

"आलीय," मैना म्हणाली. "भायेर पायरीवर बसलाय."

सभागृह गंभीर झाले. हा प्रश्न व्यापक असल्याने त्यावर स्वतंत्र परिसंवाद घ्यावा, असे एकमताने ठरले. मग मी आभार मानले. ध्वनिक्षेपकवाल्यापर्यंत कोणी राहू नये, म्हणून अठरा मिनिटे लागली.

बाहेर आलो तेव्हा पायरी रिकामी होती. मैना रस्त्याच्या दोन्ही टोकांकडे पाहत होती.

"खयच्या बाजूला गेला, बघितलात काय साहेब?"

मी कसा बघणार? मी आभारप्रदर्शनात होतो.

सखाराम दुसऱ्या दिवशी सापडला. पुन्हा केंद्राचे नाव काढत नाही, पण जिवंत आहे. तुम्ही म्हणाल, मग यात गोष्ट काय झाली? स्वतंत्र परिसंवादाचा विषय निघाला, तेव्हा सभेचेही नेमके तेच म्हणणे पडले.