एकोणसाठ माणसांच्या गावाची वस्ती साठ कैसी जाहली

श्री. अक्षरास एक वंदन आणि अंकास दोन, कारण या हकिकतीत अंकच रुसले आणि अंकच पावले. शके १९०९, प्रभवनाम संवत्सर, आश्विनमास, अक्रोड उतरविण्याचे दिवस. कुर्द मुलुखी डोंगराच्या उतरणीस एक राज्य होते. राज्य म्हणजे गावच, परंतु डौल राज्याचा. घरे दगडी, पायऱ्यांसारखी चढत गेलेली, ऐसी की खालच्याचे छत तेच वरच्याचे अंगण. प्रजा एकोणसाठ. शाळा एक, गुरुजी एक, आणि सहावीत शिलान नामे कन्या एकटीच, म्हणोन पहिली तीच आणि शेवटलीही तीच. ऐसे असता सरकारचा हुकूम आला की, साठांहून कमी वस्ती त्या गावची शाळा मोडावी. मग शाळा मोडल्यास शिलानने मावशीच्या गावी जाऊन गालिचे विणावे ऐसे घरी ठरले, आणि शिलानने दोन दिवस अन्न वर्ज्य केले, म्हणजे भाकरीस नको म्हणाली आणि मनुका खाल्ल्या.

मग शिरगणतीचे कारकून खेचरावर बसोन दाखल जाहले, आणि त्यांस पाहावयास अवघा गाव बाहेर येऊन बसला. कारकून सपाट मुलखाचे, हाती नियमांची पोथी. पोथीत लिहिले की, घरात, छतावर, अंगणात जो दिसेल तो मांडावा. मग त्यांनी तळापासोन आरंभ केला. तेथे गावचे मुख्य माम कादर राहात, माम म्हणजे तिकडे काका. त्यांच्या छतावर विधवा राबिया अक्रोड फोडीत बसल्या होत्या. कारकुनांनी लिहिले, छतावर राबिया. मग जिना चढोन लिहिले, अंगणात राबिया.

"अहो, खाली लिहिली ती मीच," राबिया बोलल्या.

"खालची छतावर होती, बाई. तुम्ही अंगणात आहा."

"मी जागची हललेसुद्धा नाही."

"पोथीत हलण्याविषयी काही नाही."

ऐसे करिता करिता बेरीज एकशे अकरा भरली, आणि शिलान नाचली, आणि गुरुजी रडले, आणि मग कारकुनांनी पान उलटिले. तेथे लिहिले होते की, वस्ती शंभरावर गेल्यास गावास कसबा म्हणावे, शाळेच्या खोलीत पोलीसचौकी बसवावी आणि पोरांनी शहरी शिकावयास जावे.

"कमी भरलो तरी शाळा जाते, जास्त भरलो तरी जाते," कादर म्हणाले. "सरकारास आम्ही हवे तरी किती?"

कारकुनांनी चहा पिणे पसंत केले. शिक्का अद्याप उमटला नव्हता, इतकेच काय ते नशीब. मग शिलान पुढे जाहली आणि म्हणाली, "साहेब, पुन्हा मोजा. उन्हात मोजलेले जास्त भरते." मग गावाकडे वळोन म्हणाली, "सगळे घरात जा. राबियाआत्या, तुम्ही मात्र येथेच बसा."

"मीच का ग?"

"तुम्ही हलत नाही म्हणून."

मग कारकून पुन्हा चढले. घरांत अठ्ठावन्न, कादरांच्या छतावर राबिया एक, वरच्या अंगणात राबिया एक. एकूण साठ. शिक्का उमटला आणि कारकून खेचरासह रवाना जाहले.

त्याच सांजेस राबिया जिना उतरोन कादरांच्या घरी जेवावयास बसल्या.

"दप्तरी मी तुझ्या घरची. वाढ."

"तू वर जेवलीस ना आताच?"

"ती अंगणातली."

कादर लाल जाहले, परंतु दप्तरापुढे कोणाचे चालते? ताट वाढिले, आणि मग रोजच वाढीत गेले.

तात्पर्य, माणसे एकोणसाठ, वस्ती साठ, शाळा कायम. मग शिलान आठवी उतरोन शाळेतून सुटली, तेव्हा कादर येऊन हळूच पुसते जाहले, "पोरी, आता एक राबिया कमी केली तर चालेल काय?"

"माम, माझी धाकटी बहीण यंदाच पहिलीत बसली."

मग कादर घरी गेले आणि त्यांनी राबियांसाठी आणखी एक ताट मांडिले.