अडुळशातला केस

नागेंद्रने चौथ्यांदा मायक्रोस्कोपमधून पाहिलं आणि चौथ्यांदा त्याला तोच केस दिसला. लांबट, टोकाला गाठ असलेला. अडुळशाच्या पानावर असा केस नसतो. तंबाखूच्या पानावर असतो. निपाणीत जन्मलेल्या माणसाला यासाठी पुस्तक लागत नाही, तरी त्याने पुस्तक उघडलं. पुस्तक केसाच्याच बाजूने होतं.

बेळगावातल्या त्या औषध कारखान्यात पानं तपासणारा तो एकटाच. आणि दारात उभा असलेला टेम्पो त्याच्या दाजींचा. वीरेंद्रदाजींनी पिढीजात तंबाखू सोडून दोन एकर अडुळसा लावला होता, तोही नागेंद्रच्या सांगण्यावरून. आज माल परत गेला, तर दाजी पुन्हा तंबाखूकडे वळणार आणि प्रेमलाआक्का जन्मभर भावाचं तोंड बघणार नाही.

रसायनाची चाचणी तरी तारेल म्हणून त्याने ती केली. नळीत नारिंगी साका बसला. पण तो अडुळशालाही बसतो आणि तंबाखूलाही. शेवटी त्याने कारखान्याच्या बागेतलं अडुळशाचं ताजं पान खुडून आणलं. त्यावरही केस.

तेव्हा कुठे त्याचं लक्ष स्वतःच्या डाव्या तळहाताकडे गेलं. आक्कापुढे शपथ घेऊन सोडलेली तंबाखू तो रोज सकाळी बस निपाणीतून सुटली की मळत असे. म्हणजे दोष मालात नव्हता, त्याच्यात होता. आपण चुकलो याचं त्याला आयुष्यात पहिल्यांदाच बरं वाटलं.

तो तेजस्वी मॅडमांसमोर जाऊन उभा राहिला. प्रयोगशाळा त्यांच्या ताब्यात होती.

"मॅडम, तो केस माझा हाय."

मॅडमांनी त्याच्या टकलाकडे पाहिलं. "तुमचा?"

"तंबाखूचा. माझ्या हातचा."

"लेखी द्या. माल अडवलाय, तेव्हा प्रत माल पाठवणाऱ्यालाही जाईल."

माल पाठवणारे म्हणजे दाजी, आणि दाजींच्या मोबाईलवर आलेलं सगळं आधी आक्का वाचते. तरी नागेंद्रने लिहून दिलं. प्रत गेली. मग मॅडमांनी हातमोजे घातले, पोत्यातून स्वतः पान काढलं, स्वतः काच लावली आणि बराच वेळ पाहत राहिल्या.

"नागेंद्र, मग हा कुणाचा?"

तोच केस. टेम्पो वळून निपाणीच्या रस्त्याला लागला.

संध्याकाळी आक्काचा फोन आला. "माझ्याम्होरं शपथ घेतलतास न्हवं रं? तुझ्या हाताच्या घाणीपायी ह्यांचा माल परत आला."

"आक्का, मॅडमनी हातमोजं घालून बघिटलं—"

"मोजं तू घालायचं हुतंस."

मग फोन दाजींकडे गेला. पावलांचा आवाज आला, दाराची कडी वाजली.

"पाव्हणं, तुमचं पत्र आलं ते लई बरं झालं."

"बरं?"

"पानं वाळवताना मी एकटाच राखणीला. हात रिकामा बसंना झालता. अन् शपथ मी बी घेतलीया, तुमच्या आक्काम्होरं." दाजींनी आवाज आणखी उतरवला. "दुसरी खेप हात धुऊन वाळवतोय. तंबाखू काय परत लावत न्हाय. पर ही चूक तेवढी तुमच्याकडंच राहू द्या."

"किती दिस, दाजी?"

"बहीण तुमची हाय. तुम्हीच सांगा."

आक्काच्या लग्नात एका काकाने भात करपवला होता. तो काका वारल्यावरच तिने तो विषय सोडला.

"बरं," नागेंद्र म्हणाला.